काकांच्या फायबर होडीचं रंगकाम : मे ते डिसेंबर २०२५

काकांची बावीस फुटी फायबरची होडी आम्ही मे २०२५ मध्ये रंगवायला घेतली आणि ती पुन्हा पाण्यात गेली ५ डिसेंबरला. एवढे महिने का लागले, कोणता रंग कुठे लावला, किती पैसे गेले, कार्यालयात काय विचारलं गेलं, हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे. मी शाळेत शिकवते, बोटींचं काम हा माझा व्यवसाय नव्हे. सुट्टीत मालवणला जाऊन काकांच्या हाताखाली राबले एवढंच. पण मला जेव्हा माहिती हवी होती तेव्हा ती तुकड्यातुकड्याने मिळाली. थोडी दुकानदाराकडून, थोडी फायबरच्या कारागिराकडून आणि बरीचशी डब्यांसोबतच्या माहितीपत्रकांतून. ज्यांच्या अंगणात किंवा रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) जागेशेजारी अशीच एखादी पांढरी भुकटी सोडणारी होडी पडून आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावरून ठरले. आजवर काकांची होडी रोज मासेमारी करून आली की रेतीवर ओढली जायची. आता काका सहासष्ट वर्षांचे आहेत आणि सकाळी होडी ओढायला चार माणसं मिळणं कठीण झालंय. म्हणून यापुढे ती खाडीत नांगरून ठेवायची असं त्यांनी ठरवलं. वरवर पाहता हा फक्त जागेतला बदल. पण रंगाच्या दृष्टीने होडीचं आयुष्यच बदलतं. रेतीवर ओढल्या जाणाऱ्या होडीचा तळ रोज वाळतो, त्यामुळे त्यावर शेवाळ आणि बार्नकल (तळाला घट्ट चिकटणारे कवचवाले बारीक जीव) धरत नाहीत. तिथे खरा शत्रू रेती. त्यामुळे तळाला कडक, घासाला टिकणारं इपॉक्सी (दोन भाग कालवून कडक होणारी राळ) पुरतं आणि अँटिफाउलिंगवर, म्हणजे शेवाळ-बार्नकल धरू न देणाऱ्या रंगावर, घातलेला पैसा पहिल्या आठवड्यातच रेतीत जातो. होडी पाण्यात उभी राहिली की उलटं होतं. घास कमी होतो, पण तळ चोवीस तास पाण्यात राहतो, पाणी हळूहळू जेलकोटमधून, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थरातून, आत शिरायला बघतं आणि बार्नकल काही आठवड्यांत बस्तान बसवतात. दुकानात गेल्यावर ‘बोटीचा चांगला रंग द्या’ असं म्हणण्याआधी आपली होडी रात्री कुठे असते, हे स्वतःशी स्पष्ट करून घ्यावं.

होडी बाहेर काढण्यापूर्वी आम्ही एक काम केलं. इंजिन, भरलेली डिझेलची टाकी, जाळी आणि बर्फाची पेटी असं रोजचं सगळं वजन चढवून होडी शांत पाण्यात उभी केली आणि नाळेवर (होडीच्या पुढच्या टोकाला), दोन्ही बाजूंना मधोमध आणि मागे पाण्याच्या रेषेवर खुणा केल्या. अँटिफाउलिंग कुठपर्यंत लावायचं हे याच खुणांवरून ठरतं. होडी एकदा जमिनीवर आली की ही रेषा अंदाजाने काढावी लागते.

दुसरं काम कागदाचं. नाळेच्या दोन्ही बाजूंना नोंदणी क्रमांक रंगवलेला असतो, ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा. घासाई सुरू झाली की तो जाणार. म्हणून काकांनी मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात साधा अर्ज दिला की दुरुस्ती आणि रंगकामासाठी होडी अमुक तारखेपासून किनाऱ्यावर आहे, क्रमांक तात्पुरता पुसला जाईल आणि काम संपल्यावर पुन्हा रंगवला जाईल. सोबत नोंदणी प्रमाणपत्र आणि परवान्याची प्रत, आणि क्रमांक दिसेल असे दोन्ही बाजूंचे फोटो जोडले. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनारी सुरक्षेसाठी मासेमारी नौकांना राज्यनिहाय रंगसंकेत ठरले, त्यामुळे बाहेरच्या रंगाबद्दलही तिथेच विचारून, टेबलावरच्या परिपत्रकाचा फोटो काढून घेतला. म्हणजे रंगाची छटा आमच्या आवडीवर नव्हतीच. निवडायची होती ती रंगाची जात.

मेच्या पहिल्या आठवड्यात होडी पालथी करून ओंडक्यांवर ठेवली. वर बांबू आणि ताडपत्रीचा मांडव घातला, त्याला चार हजार रुपये लागले. उन्हात जेलकोट तापतो, रंग पसरण्याआधीच वाळायला लागतो आणि ब्रशचे चरे तसेच राहतात. त्यामुळे सावली हवीच.

जेलकोटवर हात फिरवला की पांढरी भुकटी हाताला लागत होती. उन्हातल्या अतिनील किरणांनी वरचा राळेचा थर मरतो आणि नुसती रंगाची पूड उरते. तिच्यावर थेट रंग दिला तर तो पुडीला चिकटतो, होडीला नाही. मी लगेच सँडर उचलला तेव्हा काकांनी थांबवलं. “आधी धू, मगे घास. रंग खंय पळान जाता?” हे काकांचं अनुभवाचं बोलणं होतं आणि त्यामागे कारणही पक्कं आहे. होडीवर जुनं मेण, डिझेलचा तेलकटपणा, माशांची चरबी असं बरंच असतं. न धुता घासलं तर पॉलिश पेपर तेच सगळं चऱ्यांमध्ये खोल दाबतो. म्हणून आधी साबणाचं पाणी आणि ब्रश, मग गोडं पाणी, वाळल्यावर थिनर. थिनर लावताना दोन फडकी ठेवायची. एकाने ओलं पुसायचं आणि ते वाळण्याच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. एकच फडकं फिरवत राहिलं तर मेण फक्त इकडचं तिकडे होतं. झालं की नाही हे पाण्यावरून कळतं. स्वच्छ पाणी ओतल्यावर ते सलग पसरून राहिलं तर पृष्ठभाग साफ आहे, थेंबाथेंबांत फाटलं तर अजून चिकट आहे. नाळेजवळचा भाग या परीक्षेत परत परत नापास होत होता, तिथे आम्ही अख्खी सकाळ घालवली.

धुतल्यावर होडीची खरी अवस्था दिसली. वरच्या भागात जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा होत्या, पण त्या वरवरच्या. काळजी होती ती खालच्या कण्याची. इतकी वर्षं रेतीवर घासून तिथला जेलकोट संपला होता आणि काचेच्या मॅटचे धागे उघडे पडले होते. उघडी मॅट कडेने पाणी शोषते. वरून कोरडी वाटली तरी आत ओल असू शकते. आम्ही तिथे पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवला. दुसऱ्या दिवशी आतून दव धरलेलं दिसलं. मग गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढलं, दिवसा पंखा लावला आणि प्लॅस्टिक कोरडं राहीपर्यंत थांबलो. सुट्टीचे दिवस असे नुसते वाळण्यात जाताना मला घाई होत होती, हे खरं आहे. पण ओलीवर थर चढवला की ती ओल आतच कोंडते आणि पुढे फोड येतात.

कणा भरायला फायबरचा कारागीर बोलावला. त्याची सवय पॉलिस्टर रेझिन आणि मॅटची, किनाऱ्यावरच्या बहुतेक होड्या त्यापासूनच बनतात. आम्ही इपॉक्सी मागितलं, कारण जुन्या, पूर्ण वाळलेल्या पॉलिस्टरवर इपॉक्सीची पकड जास्त चांगली असते. इपॉक्सीसोबत नेहमीची मॅट वापरली नाही, विणलेलं काचेचं कापड वापरलं. मॅटमधले धागे धरून ठेवणारा डिंक पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही, त्यामुळे मॅट नीट भिजत नाही. क्रमही लक्षात ठेवावा. पॉलिस्टरवर इपॉक्सी चालतं, पण इपॉक्सीवर पुन्हा पॉलिस्टरचा जेलकोट नीट सुकत नाही. खड्ड्याच्या कडा उतरत्या घासून, कापडाचे तुकडे लहान-मोठे करत तीन थर दिले. दमट हवेत इपॉक्सी सुकताना वर मेणासारखा पातळ ओशट थर येतो. तो घासण्याआधी साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या काथ्याने धुऊन काढायचा. कापड, रेझिन आणि पुट्टीचे साडेसहा हजार झाले, कारागिराची आणि मदतनिसाची मजुरी नऊ हजार.

इथेच एक धोक्याची सूचना. पॉलिस्टर वापरणार असाल तर दुकानात रेझिन कडक करायला हार्डनर आणि कोबाल्ट अशा दोन वेगळ्या बाटल्या मिळतात. त्या दोन्ही थेट एकमेकींत कधीही ओतू नयेत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, हार्डनर त्यानंतर.

आता रंग. दुकानात तीन तऱ्हा समोर आल्या. पहिली, साधा एक डब्याचा एनॅमल. स्वस्त, लावायला सोपा, पण मालवणच्या उन्हात वर्ष-दीड वर्षात चमक जाते. दुसरी, दोन डब्यांचं इपॉक्सी. घट्ट चिकटतं, पाणी अडवतं, पण उन्हात ते स्वतःच भुकटी सोडतं, त्यामुळे वरचा शेवटचा हात म्हणून उपयोगाचं नाही. तिसरी, दोन डब्यांचं पॉलियुरेथेन, ज्याला दुकानात सगळे पीयू म्हणतात. ऊन सोसण्यात ते सर्वांत चांगलं. पण ते पाण्याच्या रेषेच्या वरचंच. कायम पाण्याखाली राहिलं तर त्याला फोड येतात. दुकानदार संपूर्ण होडीला पीयू द्यायला सांगत होता. मी माहितीपत्रक मागून घेतलं आणि त्यात पाण्याखालच्या वापराबद्दल काय लिहिलंय ते त्याच्यासमोर वाचलं. प्रत्येक रंगाचं असं पत्रक असतं, ते मागितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. प्रमाण, दोन हातांमधलं अंतर, चालणारं थिनर, सगळं त्यात असतं.

शेवटी ठरलं ते असं. सगळीकडे इपॉक्सी प्रायमर, पाण्याच्या रेषेखाली त्याचे जास्त थर, वर पीयू आणि खाली अँटिफाउलिंग. प्रायमर आणि पीयू एकाच कंपनीचे घेतले. काही रुपये वाचवायला दोन कंपन्यांचे थर मिसळले आणि सुटले, तर दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात. होडीचं क्षेत्रफळ वर-खाली मिळून साधारण वीस चौरस मीटर निघालं. प्रायमरचा पाच लिटरचा संच ४,८०० रुपयांना, पीयूचा चार लिटरचा ४,६०० ला, अँटिफाउलिंग दोन रंगांत मिळून पाच लिटर ७,५०० ला पडलं. पॉलिश पेपर, टेप, रोलर यांना ३,२०० लागले.

मास्क आणि हातमोज्यांना २,४०० लागले आणि त्यात काटकसर करू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. काचेची धूळ फुप्फुसात जाते. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा होऊ शकतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी जडली की पुढे थोडासा वासही सोसत नाही. रोलर-ब्रशने लावतानाही सेंद्रिय वाफांचे फिल्टर असलेला मास्क हवा, आणि बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर पीयू फवारायचंच नाही. नाकाला रुमाल बांधून गनने पीयू मारणारी पोरं किनाऱ्यावर दिसतात तेव्हा जीव तुटतो.

८० नंबरच्या पॉलिश पेपरने खालचा भाग घासला, १२० ने वरचा, मग त्याहून बारीक २२० ने. १७ मेपर्यंत प्रायमरचे हात पूर्ण झाले. उष्म्यामुळे कालवलेलं मिश्रण डब्यातच गरम होऊन घट्ट व्हायचं, म्हणून एका वेळी तीनशे मिलिलिटरच कालवायचो आणि पसरट ट्रेमध्ये ओतायचो. आता चार-पाच दिवसांत पीयू, असं गणित होतं. २० मेच्या सुमारास पाऊस सुरू झाला. दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात तळकोकणात येणारा मोसमी पाऊस त्या साली २५ मेलाच देवगडपर्यंत पोचला.

मांडवाखाली उरकून घ्या, असं सांगणारे बरेच होते. मी चारशे रुपयांचं आर्द्रतामापक आणलं होतं, ते नव्वदच्या खाली यायला तयार नव्हतं. रंगासाठी ढोबळ नियम असा आहे की आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी आणि पृष्ठभागाचं तापमान दव पडण्याच्या तापमानापेक्षा किमान तीन अंशांनी जास्त हवं. नाहीतर डोळ्यांना न दिसणारी ओल बसते. पीयूचं हार्डनर ओलीशी लागलीच अभिक्रिया करतं, वायू सुटून बुडबुडे येतात, चमक मरते. काका बराच वेळ होडीकडे बघत राहिले आणि म्हणाले, “ऱ्हवांदे. पाऊस गेलो की बघूया.” आम्ही ताडपत्री सर्व बाजूंनी खाली ओढली, पण हवा खेळायला खाली फूटभर मोकळं ठेवलं, आणि मी शाळेला परत गेले.

१ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या होड्यांची मासेमारी बंदच होती, त्याचं काही वाटलं नाही. पण ऑगस्टमध्ये नारळी पौर्णिमेनंतर सगळ्यांच्या होड्या बाहेर पडल्या आणि काकांना दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून जावं लागलं. फोनवर ते काही बोलत नसत, काकी सांगायची. वाट पाहणं हा या कामाचा सर्वांत महाग भाग ठरला, तो कुठल्याही पावतीवर येत नाही. होडीचं मोठं काम काढायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा असं आता मला वाटतं. मासेमारीचे थोडे दिवस बुडतात, पण हवा साथ देते.

पाऊस ऑक्टोबर संपेपर्यंत रेंगाळला. नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी पुन्हा सुरुवात केली. प्रायमरवर पुढचा हात देण्याची मुदत केव्हाच उलटून गेली होती. मुदतीत पुढचा थर दिला तर तो रासायनिकरीत्या जोडला जातो, मुदत गेल्यावर खरखरीत केल्याशिवाय धरत नाही. म्हणून धुणं, पाण्याची परीक्षा, २२० ने पूर्ण घासाई, पुन्हा पुसणं. मेहनत दुप्पट झाली, पण थर शाबूत होता, कुठेही फोड नव्हता.

नोव्हेंबरात सकाळी दव असतं आणि संध्याकाळी पुन्हा पडतं. पीयूचा हात सकाळी दहाच्या आधी सुरू करायचा नाही आणि दुपारी एकच्या आत थांबायचं. मग संध्याकाळच्या दवापूर्वी त्याला सुकायला पुरेसा वेळ मिळतो. आधी मांडवाखालची रेती पाण्याने भिजवून धूळ बसवली. मी रोलरने पातळ थर पसरवायचा आणि काकांनी मागोमाग मऊ ब्रशचं फक्त टोक, जवळजवळ वजन न देता, वरून खाली फिरवायचं. रोलरचे बुडबुडे त्याने फुटतात. रोलर थिनर सोसणारा हवा, साधा स्पंजचा पीयूमध्ये फुगून तुटतो. ओली कड सुटू द्यायची नाही आणि मागे राहिलेल्या डागावर परत जायचं नाही, तो पुढच्या हातात झाकला जातो. तीन पातळ हात दिले. काकांचा हात इतका हलका आणि इतका एकसारखा चालतो हे मला तोवर माहीत नव्हतं. लाकडी होडीला मुशीचं (शार्क माशाचं) तेल चोळण्यात त्यांचं लहानपण गेलंय, ती सवय असावी.

खुणांवरून पाण्याची रेषा आखायला गवंड्याची पाण्याची नळी वापरली. होडी वेडीवाकडी टेकलेली असते, त्यामुळे आधी ती खुणांनुसार सपाटीत आणली, मग नळीने सगळीकडे तीच पातळी धरून, दोन इंच वर टेप लावला.

अँटिफाउलिंग सर्वांत शेवटी. पूर्वी यात वापरलं जाणारं टीबीटी हे संयुग सागरी जिवांना फार घातक ठरलं आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या २००१ च्या करारानुसार २००८ पासून त्याच्यावर बंदी आहे. आता मुख्यतः तांब्याचं ऑक्साईड असतं. त्यातही दोन जाती आहेत. कडक थराची, आणि पाण्याच्या प्रवाहाने हळूहळू झिजून नवा पृष्ठभाग उघडणारी. आमची होडी दर पावसाळ्यात काही महिने जमिनीवर राहणार. कडक थर असा कोरडा राहिला की त्याचा असर ओसरतो, म्हणून झिजणारी जात घेतली. पहिला हात काळा, दुसरा तांबडा. तांबड्यातून काळं दिसायला लागलं की पुन्हा लावायची वेळ झाली. इंजिनाचा पाण्यातला भाग ॲल्युमिनियमचा असतो, त्याला तांब्याचा रंग अजिबात लावू नये, ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तळावरही इंजिनाभोवती थोडी जागा मोकळी सोडली. आणि जुनं अँटिफाउलिंग कधी घासायची वेळ आली तर पाणी मारूनच घासा, त्याची कोरडी धूळ विषारी असते.

नोंदणी क्रमांक छापील साच्याने, आधीच्याच आकारात, दोन्ही बाजूंना रंगवून घेतला. ५ डिसेंबरला, दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, मी किरकोळ रजा टाकली. पौर्णिमेचं उधाण होतं, त्यामुळे दुपारच्या मोठ्या भरतीला होडी कमी अंतर ओढून पाण्यात गेली. काकीने नारळ फोडला. खुणांच्या रेषेवर होडी बरोबर बसली तेव्हा काका मोठ्याने हसले.

मांडवापासून मजुरीपर्यंत एकूण खर्च ४२,००० रुपये झाला. दुसऱ्या आठवड्यात नव्याने रंगवलेल्या क्रमांकाचे फोटो आणि काम पूर्ण झाल्याचा अर्ज, मेमधल्या पोचेची प्रत जोडून, काकांनी कार्यालयात दिला. तिथल्या माणसाने फोटोतली अक्षरं लांबून वाचता येतात ना एवढं पाहिलं आणि शिक्का मारला. उरलेलं पीयू आणि हार्डनर वेगवेगळ्या घट्ट डब्यांत ठेवलंय. हार्डनरचा डबा एकदा उघडला की तो हवेतली ओल धरतो, त्यामुळे खरचटलेल्या जागा मार्चच्या आत बुजवायच्या आहेत. डब्यांवरचे बॅच क्रमांक आणि प्रत्येक हाताची तारीख एका वहीत लिहून ती परवान्याच्या पिशवीत ठेवली आहे.